नवी बत्तीशी बसवताना



‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पण आता एक तिसरी अवस्था आली आहे. निवृत्तीचे चणे हातात आहेत, तोंडात दात नाहीत, आणि दात विकत मिळतात! मी राहतो त्या विक्रोळीत हे पुष्कळ घरांत दिसते. कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस निवृत्त होतो, फंडाचे पैसे येतात, आणि कुणीतरी सांगते, “कवळी कसली लावता? पक्के दात बसवून घ्या. एका दिवसात काम.”

आमच्या कन्नमवार नगरातले एक शेजारी असेच गेले. तीस वर्षे लेथवर काम केलेले गृहस्थ. खालीवर मिळून आठ स्क्रू जबड्यात बसले, वर पांढरीशुभ्र बत्तीशी आली. आज ते भाकरी उत्तम चावतात, हे आधी सांगितले पाहिजे. पण त्यांचा खालचा ओठ डाव्या बाजूला कायमचा बधिर झाला आहे. चहा ओघळतो, तो त्यांना कळत नाही. ते मला म्हणाले, “सर, जन्मभर मी स्क्रूचेच काम केले. भोक पाडण्याआधी धातू तपासायचा, हे मला शिकवावे लागत नव्हते. पण माझे हाड कुणी नीट तपासले का, हे मी विचारलेच नाही.”

मी डॉक्टर नाही, महाविद्यालयात शिकवणारा माणूस आहे. पण या वाक्याने मला बेचैन केले. मग वाचले, जाणत्यांना विचारले. ते तुमच्यापुढे ठेवतो.

ही विद्या खोटी नाही. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क या संशोधकाने 1952 च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमचे उपकरण बसवले होते. ते काढू गेल्यावर निघेना, कारण हाडाने धातूला घट्ट धरले होते. 1965 मध्ये त्याने माणसाच्या जबड्यात असे पहिले दात बसवले. तेव्हा साऱ्या कामाचा पाया एकच : हाडाने स्क्रूला धरले पाहिजे. त्याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. ‘एका दिवसात’ मिळतात ते बहुधा तात्पुरते दात. त्या काळात मऊच खायचे असते.

आता धोके. ते तीन वेळी येतात.

पहिली वेळ शस्त्रक्रियेची. खालच्या जबड्याच्या हाडातून ओठाला आणि हनुवटीला जाणीव देणारी नस जाते. स्क्रू तिला लागला तर बधिरपणा येतो. कधी तो जातो, कधी जन्मभर राहतो. वरच्या जबड्याच्या मागील बाजूस हाडापलीकडे हवेची पोकळी असते. स्क्रू तिच्यात घुसू शकतो. आणि क्वचित, पण फार गंभीर, म्हणजे जिभेखाली रक्तस्राव. जीभ वर उचलली जाऊन श्वास कोंडू लागला तर सकाळची वाट पाहू नका, त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

दुसरी वेळ हाड जुळण्याची. तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हे इथले मोठे शत्रू. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण आपल्या आया-मावश्यांची मिश्री काही सुटली नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. सुपारीने ज्यांचे तोंड पुरते उघडत नाही, त्यांना तर शस्त्रक्रियाच अवघड. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही गोळ्या-इंजेक्शने देतात. ती चालू असताना जबड्याला जखम झाली तर क्वचित हाड मरते. ही औषधे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, जबड्यावर घेतलेले किरणोपचार, सारे दंतवैद्याला आधी सांगा. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

तिसरी वेळ वर्षांनंतरची, आणि हीच लोक विसरतात. धातूला कीड लागत नाही, पण त्याच्या भोवतीची हिरडी कुजते आणि हाड झिजते, तेही पुष्कळदा न दुखता. खऱ्या दाताखाली तंतूंची मऊ गादी असते. खडा लागला की आपण दचकून थांबतो. स्क्रूला ती गादी नाही. म्हणून जोर कळत नाही, दात तडकतो, पेच सैल होतो. रोज त्या बत्तीशीखालून सफाई करावी लागते आणि ठरलेल्या वेळी तपासणी. निवृत्तीनंतर गावी जाऊन राहणार असाल, तर तिथे पेच आवळायला कोण आहे, हा प्रश्न आधीच विचारा.

आणखीही विचारा. माझ्या हाडाची त्रिमितीय क्ष-किरण तपासणी केली का? ती नस कुठे आहे, मला दाखवाल का? उरलेले दात खरोखर वाचणार नाहीत का? चांगले दात केवळ बत्तीशी एकसारखी दिसावी म्हणून उपटून देऊ नका. एखादा स्क्रू निकामी झाला तर पुढे काय, आणि खर्च कुणाचा? बसवलेल्या स्क्रूचे नाव आणि माप लिहून घ्या. उद्या दुसऱ्या डॉक्टरला ते लागेल.

मधला मार्गही आहे. खालची कवळी फार हलते, ही सर्वांची तक्रार. 2002 मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी मत दिले, की ज्याच्या खालच्या जबड्यात एकही दात नाही त्याला दोन स्क्रूंवर अडकणारी, काढता-घालता येणारी कवळी हा पहिला पर्याय मानावा. स्क्रू कमी, सफाई सोपी. आणि साधी, नीट मापाची कवळी यात कमीपणा काहीच नाही. शंका असेल तर दुसरे मत घ्या. मुंबईत नायर दंत महाविद्यालय आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत.

शिक्षकबंधूंना एक विनंती. वर्गातल्या मुलांना मिश्रीविषयी सांगा. आजीला सुनेचे पटणार नाही, पण नातवाचे पटेल.

आमचे शेजारी आता घास घेतला की पत्नीकडे पाहतात. तिने आपल्या ओठाला बोट लावले की ते रुमालाने आपला ओठ पुसतात. दोघेही त्यावर हसतात. पण परवा त्यांचे धाकटे बंधू गावाहून त्याच कामासाठी आले, तेव्हा दवाखान्यात हे स्वतः बरोबर गेले आणि खुर्चीत भावाला बसू देण्याआधी म्हणाले, “डॉक्टर, अगोदर हाड दाखवा.”

तुम्हीही तेवढे म्हणा.