मेल्याची नोंद
(पेडगाव, जि. परभणी येथे केलेले भाषण)



मी गोदीत गोणी वाहतो. जहाजातून उतरलेली एक गोण हिशेबात कमी पडली, तर टॅली क्लार्क आम्हाला जेवायला सोडत नाही. आणि माझा चुलता, सतरा वर्षं खांद्यावर बंदूक वागवलेला माणूस, लष्कराच्या इस्पितळात मेला. त्याची सात महिने कुठंच मोजदाद नाही. त्याची चप्पल, घड्याळ, पिशवी मोजून, चुलतीचा अंगठा घेऊन परत दिली. मरणाचा कागद तेवढा दिला नाही.

चुलती ग्रामसेवकाकडं गेली. तो म्हणाला, मरण इथं झालं नाही, नोंद इथं होणार नाही. खोटं नाही बोलला तो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं माणूस जिथं मेला तिथलीच नोंद. छावणीतलं इस्पितळ असलं की दप्तर छावणी परिषदेचं. चुलती तिथं गेली. बाबू म्हणाला, इस्पितळाकडून कागदच आला नाही. इस्पितळ म्हणालं, साहेब रजेवर आहेत, सही राहिलीय. पुन्हा पेडगावची गाडी, पुन्हा रोज बुडाला. चुलत्याची पेन्शन मेल्याबरोबर बंद. तिची कुटुंब पेन्शन दाखल्याशिवाय सुरू होत नाही. मधले सात महिने तिनं काय खायचं, हे कुठल्याच रकान्यात नाही.

भरतीच्या वेळी बघा. नाव, गाव, छातीचं माप, अंगावरची खूण, सगळं एका दिवसात लिहून घेतात. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा आपल्या म्हाताऱ्यांना वाटलं असेल, सरकारच्या वहीत नाव लागलं एकदाचं. लागलं की. काढायला मात्र कुणाला सवड नाही.

आता कायदा ऐका. मी मॅट्रिकच्या इंग्रजीवर तीनदा वाचलाय. इस्पितळात मरण झालं तर निबंधकाला कळवायचं काम तिथल्या मुख्य डॉक्टराचं. बाईचं नाही! मुदत २१ दिवस. ३० दिवस उलटले की लेखी परवानगी आणि फी. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा हुकूम. झोपले ते, आणि धावायचं हिनं. न कळवल्याचा दंड २०२३ पर्यंत होता जास्तीत जास्त ५० रुपये. चुलतीची एक फेरी त्याहून महाग पडते, साला.

विनवण्या पुष्कळ झाल्या. मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहिलाय, १० रुपयांचा. त्यात एकच विचारलंय : मृत्यूचा अहवाल निबंधकाकडं कुठल्या तारखेला पाठवला, जावक नंबर काय? पाठवला असेल तर नंबर असणार. नसेल तर 'नाही' असं सहीनिशी लिहून द्यावं लागेल, ३० दिवसांत.

या वस्तीत अजून दोन घरी असाच कागद अडलाय असं कळलं. त्यांनी सभा संपल्यावर थांबा. कोरे कागद मी आणलेत. ज्याचं अक्षर बरं असेल त्यानंही थांबा, माझं कुणाला लागत नाही.