दोन भाषांच्या सीमेवरचे विस्मरण : सखाराम गणेश देऊसकर



हीरक महोत्सव हा स्मरणाचा सोहळा. अशा प्रसंगी विस्मरणाचाही विचार व्हावा. मोठे कार्य केलेली माणसेही विसरली जातात. त्यांची नोंद कोणी ठेवायची हे ठरलेले नसेल, तर हटकून विसरली जातात. महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या समाजाला हा धोका अधिक. सखाराम गणेश देऊसकर यांचे चरित्र त्याची साक्ष देते.

देऊसकरांचा जन्म १८६९ साली, आज झारखंडात असलेल्या देवघरच्या परिसरात झाला. घराणे मूळचे कोकणातले, मातृभाषा मराठी. प्रमुख लेखन मात्र बंगाली. प्रथम ते शिक्षक होते, पुढे 'हितवादी' या बंगाली पत्राचे संपादक झाले. शिवचरित्र त्यांनी बंगाली वाचकांपर्यंत नेले. त्यांच्या शिवाजीविषयक पुस्तिकेला रवींद्रनाथांच्या 'शिवाजी उत्सव' या कवितेची जोड लाभली.

१९०४ साली त्यांचा 'देशेर कथा' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परकीय राजवटीत देशी उद्योग कसे बुडाले, शेतकरी कसा नागवला गेला, देशाचे धन कसे बाहेर गेले, याचा तो आकडेवारीनिशी मांडलेला हिशेब होता. वंगभंगाच्या चळवळीत तरुणांनी तो उत्साहाने वाचला. त्याने बंगालच्या तरुणांच्या मनाची पकड घेतली आणि स्वदेशी चळवळीच्या तयारीत त्याचा मोठा वाटा होता, असे अरविंद घोष यांनी पुढे नमूद केले. हिंदी पत्रकारितेचे अध्वर्यू बाबूराव विष्णू पराडकर यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला. सुरतेच्या काँग्रेसनंतर टिळकांविरुद्ध लिहिण्याचा प्रसंग आला, तेव्हा देऊसकरांनी संपादकपद सोडले. १९१० साली सरकारने 'देशेर कथा'वर बंदी घातली आणि १९१२ साली, पंचेचाळिशीही न गाठता, ते निवर्तले.

पुढे काय झाले? बंदीमुळे ग्रंथ वाचकांपासून दुरावला. लेखन बंगाली असल्यामुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना फारशी जागा मिळाली नाही. बंगालात ते मुख्यतः स्वदेशी पर्वाच्या अभ्यासकांपुरते उरले. दोन घरांचा पाहुणा उपाशी राहतो, तशी ही गत झाली. कोणी त्यांचा द्वेष केला नाही. प्रत्येकाला वाटले, नोंद दुसरा ठेवील.

परप्रांतातील मराठी शाळेचे स्थानही अशाच सीमेवर असते. स्थानिक इतिहासात ती परभाषिकांची शाळा, आणि महाराष्ट्राच्या इतिहासात दूरची. म्हणून तिची नोंद तिच्याच माणसांनी ठेवली पाहिजे. जुनी हजेरीपत्रके, स्नेहसंमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका, हस्तलिखित अंक आणि छायाचित्रे कपाटांत, ट्रंकांत पडून असतील. ती बाहेर यावीत. छायाचित्रांच्या मागे नावे लिहिली जावीत, आणि ती केवळ अध्यक्षांची व प्राचार्यांची नसावीत. वर्गशिक्षकांची, ग्रंथपालांची, घंटा देणाऱ्या शिपायांचीही असावीत. ती नावे सांगू शकणारी ज्येष्ठ मंडळी आज आपल्यात आहेत, तोवरच हे काम सोपे आहे.

देऊसकरांचा ग्रंथ सरकारने बंद केला होता. आपल्या शाळेच्या आठवणींवर कोणतीही बंदी नाही. त्या हरवल्या, तर त्याचे कारण केवळ आपली दिरंगाई असेल.