चावी खरवडल्यानंतर

कोलकात्यात चांदनी चौक मेट्रो स्टेशनातून वर आलं, की कम्प्युटरच्या दुकानांची गर्दी सुरू होते. घासाघीस करून अँटिव्हायरस घ्यावा, तर बिलाच्या तळाशी ओळ असायची : विकलेला माल परत घेतला जाणार नाही. घरी सॉफ्टवेअर सुरू करणाऱ्या आकडी चावीवरचा लेप खरवडला, की दुकानदार म्हणणार, आता ती वापरलेली झाली.

त्याचं अगदीच चुकत नाही. साडीची घडी न मोडता ती परत देता येते. चावीचा आकडा एकदा पाहिला की पाहिला. म्हणून नुसतं मन बदललं, एवढ्यावर पैसे मागण्याचा हक्क आपल्याकडे कायद्यानं दिलेला नाही. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात 14 दिवसांच्या आत, खेळ दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात; पण ती कंपनीची सवलत.

सॉफ्टवेअर सदोष किंवा बनावट निघालं, तर गोष्ट वेगळी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलात मुदत लिहिलेली नसेल तर ती 30 दिवसांची. ऑनलाइन खरेदीला 2020 चे ई-कॉमर्स नियम लागू होतात आणि त्यांत डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट उल्लेख आहे. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निकाल लावायचा.

सॉफ्टवेअर हा माल की सेवा, यावर करखात्याशी पुष्कळ भांडणं झाली. सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात तयार सॉफ्टवेअरला माल म्हटलं; 2022 मध्ये पुण्याच्या क्विक हीललाही अँटिव्हायरसच्या सीडीवरील सेवाकरातून सोडवलं. आपण त्या वादात पडायचं कारण नाही. ग्राहक कायदा मालालाही लागू आहे, सेवेलाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती जागेची तरतूद. 1986 च्या ग्राहक कायद्यात विक्रेता जिथे असेल किंवा व्यवहार जिथे घडला असेल, तिथे दाद मागावी लागे. आता भवानीपुरात राहणाऱ्या माणसाला पुण्याच्या किंवा बंगळूरच्या कंपनीविरुद्ध कोलकात्यातच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्याआधी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करून पाहावा. आणि पडद्यावर त्रुटीचा संदेश दिसला, की लगेच त्याचा फोटो काढून बिलासोबत ठेवावा. तोंडी हकिगतीला आयोगात फारसं वजन नसतं.

मात्र सॉफ्टवेअर धंद्याच्या नफ्यासाठी घेतलं असेल, तर घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः काम करणारा शिंपी किंवा फोटोग्राफर यातून सुटतो. चार नोकर ठेवणाऱ्या हिशेबनिसाचं काय, यावर वकील अजून वाद घालतात.