गिरणीचं बेअरिंग बदलताना

आपल्यापैकी कितीतरी बचत गट पिठाची गिरणी चालवतात. ऐन दिवाळीच्या भाजणीला गिरणी बंद पडली की दळणाचे डबे शेजारच्या गावाला जातात. एकदा वळलेलं गिऱ्हाईक लवकर परत येत नाही, पण कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो. अशा बंद गिरणीमागे पुष्कळदा असतं ते झिजलेलं बेअरिंग.

बेअरिंग म्हणजे दोन पोलादी कड्या आणि त्यांच्यामध्ये फिरणाऱ्या गोळ्या. आतली कडी शाफ्टवर घट्ट बसते, बाहेरची हौसिंगमध्ये. गोळ्यांच्या वाटेत पिठाची धूळ शिरली, ग्रीस सुकलं किंवा पट्टा फार ताणला की झीज सुरू होते.

ते आधी सांगतंही. घरघर वाढते. हौसिंगवर हात ठेववत नाही, इतकं ते तापतं. गिरणी बंद करून, पट्टा काढून शाफ्ट हाताने फिरवा. आत वाळू असल्यासारखं खरखरलं किंवा शाफ्ट वरखाली हलला, तर बेअरिंग गेलं म्हणून समजा. तसंच रेटलं तर शाफ्टही झिजतो आणि खर्च वाढतो.

काम सुरू करताना मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवा. पदर खोचा, बांगड्या काढा. पट्टा आणि पुली काढण्याआधी खडूने खुणा करा, मोबाइलवर फोटो घ्या. बेअरिंग पुलरने ओढून काढा. पुलर नसेल तर गॅरेजवाल्याकडून तासभर मागून आणा.

जुनं बेअरिंग दुकानात सोबत न्या. त्याच्या कडीवर नंबर असतो. समजा ६२०५ आहे. शेवटच्या ०५ ला पाचाने गुणा, २५ आले. म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटरचं. हा हिशेब ०४ पासून पुढच्या नंबरांना लागतो. पिठाच्या धुळीत रबरी सीलचं बेअरिंग बरं. दोन्ही बाजूंची बेअरिंगं एकदमच बदला, आणि बिल मागा. फार स्वस्त मिळतंय म्हणून बिनबिलाचा माल घेऊ नका.

शाफ्ट आणि हौसिंग रॉकेलने पुसून कोरडे करा. नवं बेअरिंग बसवायच्या क्षणापर्यंत वेष्टनातच राहू द्या. शाफ्टवर चढवताना फक्त आतल्या कडीवर टेकेल असा पाइपचा तुकडा घ्या आणि सगळीकडून हलके, सारखे ठोके द्या. बाहेरच्या कडीवर ठोकलं तर मार गोळ्यांमधून जातो, आत खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. सीलबंद बेअरिंग गरम तेलात बुडवू नका.

बेअरिंग शाफ्टवर सहज, हातानेच सरकलं तर आनंद मानू नका. शाफ्ट झिजलाय. पत्र्याची पट्टी घालून वेळ मारून नेऊ नका. शाफ्ट आणि नवं बेअरिंग दोन्ही लेथवाल्याकडे न्या. तो वेल्डिंगने भर घालून, बेअरिंगच्या मापाने शाफ्ट कातून देईल.

जोडणी झाली की पट्टा बेताने ताणा. जाती एकमेकांना लागणार नाहीत अशी दूर करून गिरणी १५ मिनिटं रिकामी चालवा. मग बंद करून हौसिंगला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक. त्यानंतर थोडं जुनं धान्य दळा आणि ते पीठ फेकून द्या. त्यात लोखंडाचा कीस किंवा रॉकेल असू शकतं, म्हणून जनावरालाही घालू नका.

गटाच्या वहीत तारीख, बेअरिंगचा नंबर आणि खर्च लिहा. एक जोडी कपाटात ठेवा. पहिल्यांदा मेकॅनिकला बोलवा, पण गटातल्या दोघींनी शेजारी उभं राहून सगळं पाहावं. पुढच्या खेपेला त्या दोघींनी हात घालावा. ज्या यंत्रावर आपण पैसे कमावतो, त्याचं आतलं अंग आपल्याला ठाऊक असायलाच हवं.