पेशीचा पहारेकरी

आपल्या पेशीपेशीत 'पी-५३' नावाचे एक प्रथिन पहाऱ्यावर असते. पेशीच्या गुणसूत्रांत बिघाड झाला की ते तिची वाढ थांबविते. बिघाड दुरुस्त होण्याजोगा नसला तर तिला मरणाची आज्ञा देते. मग पेशीतील तंतुकणिकांना छिद्रे पडतात, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात या पहारेकऱ्याचे जनुक बहुधा शाबूत असते. परंतु पॅपिलोमा विषाणूचे 'ई-६' प्रथिन त्याला तयार होताच नष्ट करविते. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या अर्बुदातून १९५१ साली घेतलेल्या पेशी आजही प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्यांतील ई-६ बंद पाडले की पी-५३ परतते व वाढ खुंटते! रुग्णाला देता येईल असे औषध मात्र यातून अद्याप निघालेले नाही.

तोवर विषाणूच हुडकावा लागतो. पूर्वीच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटाची विषाणूसाठी एकदाच तपासणी केली, त्यात या रोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या सुमारे निम्मे भरले. आमच्या इच्छापोरच्या आयाबाया दुखणे अंगावर काढतात. त्या स्त्रियांचे तर काहीच दुखत नव्हते.