सुटं वचन आणि सबंध शास्त्र

आज पदवी घेणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

ग्रीक क्रियापदांची रूपं घोकत, उजवीकडून डावीकडे हिब्रू वाचायची डोळ्यांना सवय लावत तुम्ही ही वर्षं काढलीत. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी पैशाची ओढाताण आहे, तरी घरच्यांनी तुम्हाला परत बोलावलं नाही. आजच्या पदवीवर त्यांचाही हक्क आहे.

आता थोड्याच दिवसांत तुम्ही कुठल्या ना कुठल्या मंडळीत पाळक म्हणून, शिक्षक म्हणून उभे राहाल, आणि तिथे एक प्रश्न तुम्हाला हमखास विचारला जाईल. तरुण संघाच्या सभेत कॉलेजातली एखादी मुलगी विचारेल. ख्रिस्ती नसलेला शेजारी विचारेल. एखाद्या रात्री तुमचं तुम्हालाच विचारावंसं वाटेल. हे सबंध पुस्तक देवाचं वचन आहे, असं ख्रिस्ती लोक खरंच मानतात का? सगळंच? अमालेकी लोकांना तान्ह्या लेकरांसकट मारून टाका, ही शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली आज्ञासुद्धा?

माझं उत्तर मी आधीच सांगून टाकते. होय, सबंध शास्त्र देवाचं वचन आहे. पण त्यातलं एखादं वाक्य सुटं काढलं, बाकीच्या शास्त्राला गप्प बसवलं आणि ते वाक्य कुणावर उगारलं, तर ते देवाचं वचन उरतं असं मी म्हणणार नाही. ही दोन्ही विधानं मी एकत्र का धरते, ते आज मला तुमच्यापुढे मांडायचं आहे.

पहिली गोष्ट ही की, या प्रश्नाला सगळ्या ख्रिस्ती लोकांनी एकच उत्तर दिलेलं नाही. ‘सबंध’ म्हणजे किती, इथूनच फरक सुरू होतो. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या शास्त्रात ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिकांच्या ७३ आणि इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत ८१ मोजतात. नव्या करारातली २७ पुस्तकं नेमकी आज आहेत तशी सांगणारी यादी आपल्याला अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते. पुढे १५२२ मध्ये मार्टिन लूथरनं नव्या कराराचं जर्मन भाषांतर छापलं, तेव्हा इब्री लोकांस पत्र, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तकं त्यानं शेवटी नेऊन ठेवली. याकोबाच्या पत्राबद्दल तर तो फार कठोर बोलला. पण ते पत्र त्यानं काढून टाकलं नाही, हेही लक्षात ठेवा.

मग ही पुस्तकं देवाचं वचन कशी? १९७८ मध्ये शिकागोला जमलेल्या इव्हँजेलिकल विद्वानांनी जाहीर केलं की शास्त्रात चूक नाही. मात्र काटेकोरपणे हे लागू होतं ते मूळ हस्तलिखितांना, आणि ती आज कुणाकडेच नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये सांगितलं की आपल्या तारणासाठी जे सत्य देवाला लिहून ठेवायचं होतं, ते शास्त्र निर्दोषपणे शिकवतं. स्विस ईश्वरविज्ञानी कार्ल बार्थ यांनी वचनाची तीन रूपं सांगितली: प्रकट झालेला ख्रिस्त, त्याची साक्ष देणारं शास्त्र आणि मंडळीत होणारी घोषणा. शिवाय, या पुस्तकात देवाचं वचन आहे, पण सगळं पुस्तक म्हणजे वचन नव्हे, असं मानणारेही ख्रिस्ती आहेत, आणि तेही दर रविवारी प्रभुभोजनाला येतात. यांतल्या कुणाचाही विश्वास तुम्ही खोटा ठरवू नका.

आता या सगळ्यांना बाजूला ठेवून पुस्तकालाच विचारू. ईयोबाचं पुस्तक उघडा. त्यातले कितीतरी अध्याय अलीफज, बिल्दद आणि सोफर या तीन मित्रांच्या भाषणांनी भरलेले आहेत. ऐकायला ती भाषणं मोठी भक्तीची वाटतात. देव न्यायी आहे, दुःख येतं ते पापामुळे, तेव्हा ईयोबा, तुझ्या हातून काहीतरी घडलं असणार. मयताच्या घरी आजही हे बोललं जातं, आणि बोलणाऱ्याला वाटतं की आपण देवाची बाजू घेतली. पण शेवटच्या अध्यायात देव स्वतः अलीफजावर रागावतो. माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसा योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असं त्याला सुनावतो. अलीफजाचं एखादं वाक्य उचलून कुणी वचनाच्या कॅलेंडरवर छापलं, तर खाली संदर्भ बरोबरच असेल, अध्याय बरोबर, वचनाचा आकडा बरोबर. आणि तरीही, ज्या बोलण्याबद्दल देवानं त्याला दोष दिला, तेच बोलणं देवाच्या नावानं भिंतीवर लागलेलं असेल. अलीफज शास्त्रात हवाच. तो नसता तर ईयोबाचं आक्रंदन कशाविरुद्ध आहे हे कळलंच नसतं. पण त्याच्या बोलण्याचा निवाडा ४२व्या अध्यायात होतो, आणि तिथवर वाचत जावं लागतं.

पौलाकडे या. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात विवाहाविषयी लिहिताना तो म्हणतो की ही आज्ञा माझी नाही, प्रभूची आहे. दोनच वचनांनंतर तो सांगतो की हे मात्र मी बोलतो आहे, प्रभू नव्हे. आणखी पुढे तो कबूल करतो की अमुक बाबतीत प्रभूची आज्ञा मला मिळालेली नाही, मी माझं मत देतो. इतका प्रामाणिक फरक प्रेषित स्वतः करतो, तर तो पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात, प्रत्येक शास्त्रलेख ईश्वरप्रेरित आहे असं सांगणाऱ्या अध्यायानंतरच्या अध्यायात, एक साधा निरोप आहे: त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला झगा येताना घेऊन ये, पुस्तकंही आण, चर्मपत्रं तर विसरू नकोस, आणि हिवाळ्याच्या आत पोहोच. बंदिवान माणसाला थंडी वाजते आणि वाचायला पुस्तकं हवी असतात. हा झगा शास्त्रात आहे याचा मला आनंद वाटतो. माणसं बाजूला सारून देव बोलला नाही. त्यांची थंडी, त्यांची मतं, त्यांचा राग, सगळं असू देऊन तो बोलला.

आता सगळ्यात गंभीर पुरावा. अरण्यात येशूची परीक्षा झाली, तेव्हा सैतानानं त्याला मंदिराच्या शिखरावर नेलं आणि खाली उडी टाक म्हटलं. त्यासाठी त्यानं आधार दिला तो ९१व्या स्तोत्राचा. वचन खरं, पवित्र शास्त्रातलंच, आणि ते परीक्षकाच्या तोंडी! येशूनं काय केलं? ते स्तोत्र शास्त्र नाही, असं तो म्हणाला नाही. शास्त्रात आणखीही लिहिलेलं आहे, असं म्हणून त्यानं अनुवादातलं वचन पुढे ठेवलं. सुट्या वचनापुढे त्यानं बाकीचं शास्त्र उभं केलं. माझी आजची सगळी मांडणी मी या एका प्रसंगातून शिकले.

शास्त्राला कात्री लावण्याचा मोह मंडळीला फार पूर्वीपासून आहे. दुसऱ्या शतकात मार्सियननं जुना करार सगळाच टाकून दिला आणि लूकचं छाटलेलं शुभवर्तमान व पौलाची दहा पत्रं तेवढी ठेवली. रोमच्या मंडळीनं १४४च्या सुमारास त्याला बाहेर काढलं. पण त्याहूनही क्रूर कात्री लंडनमध्ये १८०७ साली चालली. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी म्हणून ‘पवित्र शास्त्रातले निवडक भाग’ छापले गेले. मिसरच्या दास्यातून इस्राएल सुटल्याची निर्गमातली कथा त्यात नव्हती. ख्रिस्तामध्ये दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांच्या पत्रातलं वचन नव्हतं. प्रकटीकरणाचं पुस्तक नव्हतं. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं, हे इफिसकरांच्या पत्रातलं वचन मात्र राखलं होतं. निर्गम वाचून माणसं काय करतील, हे मळेवाल्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. सबंध शास्त्राची भीती जुलूम करणाऱ्यालाच जास्त वाटते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेतले कृष्णवर्णीय ईश्वरविज्ञानी हॉवर्ड थर्मन यांनी १९४९च्या आपल्या पुस्तकात आजीविषयी लिहिलं आहे. आजी जन्मानं गुलाम. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून लहानपणी थर्मन तिला शास्त्र वाचून दाखवत. स्तोत्रं चालत, यशया चाले, शुभवर्तमानं चालत. पौलाची पत्रं ती वाचू देत नसे, फार तर कधी प्रीतीविषयीचा अध्याय. पुढे त्यांनी कारण विचारलं तेव्हा कळलं की गुलामीत असताना मालकाचा पाळक येऊन पुन्हा पुन्हा पौलाच्या त्याच वचनावर उपदेश करायचा: दासांनो, आज्ञेत राहा. तेव्हाच तिनं देवाला शब्द दिला होता की सुटका झाली तर तो भाग मी कधी वाचणार नाही. या बाईला शास्त्राचा अवमान केल्याचा दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. दोष त्या पाळकाचा. त्यानं पौलाला एका वाक्याएवढा करून टाकला, आणि एका विश्वासू स्त्रीचा पौल कायमचा हिरावून घेतला. बंधुभगिनींनो, पुलपीटवर उभे राहताना ही आजी समोर बसली आहे असं समजून बोला.

सबंध शास्त्र हाती धरून सुट्या वचनापुढे न झुकण्याचं एक मोठं उदाहरण आपल्या भाषेतही आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. तिथल्या सिस्टर जेराल्डीनना त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळवलं की पुरोहितांचं जोखड मी एकदा उतरवलं आहे, तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. शास्त्र मी स्वतः वाचून समजून घेईन. याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध शास्त्र मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ बाहेर आला. छपाईच्या कामात मुक्तीतल्या स्त्रियांचे हात होते. बायकांनी मंडळीत गप्प राहावं, हे वचनही रमाबाईंनी भाषांतरित केलं. ज्या बाईनं आयुष्यभर भर सभांत बोलून स्त्रियांची बाजू मांडली, तिनं ते वचन गाळलं नाही आणि ती स्वतः गप्पही बसली नाही. त्याच शास्त्रात पुनरुत्थानाची पहिली बातमी स्त्रियांनी सांगितली आहे, दबोरा इस्राएलाचा न्याय करते आहे. शास्त्रावरचा विश्वास आणि स्वतःची विवेकबुद्धी एकत्र कशी नांदते, हे शिकायला आपल्याला केडगावपलीकडे जावं लागत नाही.

मग अमालेकी लेकरांचं काय? १३७व्या स्तोत्राचं काय, ज्याच्या शेवटी बाबेलच्या लेकरांना खडकावर आपटण्याची भाषा येते? कॅथलिक मंडळीनं १९७१ मध्ये नित्य प्रार्थनेचा ग्रंथ नव्यानं काढला, तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन शापस्तोत्रं आणि १३७व्या स्तोत्राचा शेवट त्यातून वगळला. शास्त्रातून मात्र काही काढलं नाही. ऑगस्टीननं फार पूर्वी एक कसोटी सांगितली: शास्त्राचा जो अर्थ देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढवत नाही, तो अर्थ लावणाऱ्याला शास्त्र समजलेलं नाही. या दोन आज्ञांवर नियमशास्त्र आणि संदेष्टे अवलंबून आहेत, असं खुद्द येशू म्हणाला. अमालेकींच्या अध्यायापुढे मी आजही अस्वस्थ होते. ती अस्वस्थता मला त्याच शास्त्रानं दिली आहे. निनवेतल्या अजाण लेकरांचा कळवळा करणारा देव योनाच्या पुस्तकात भेटला नसता, तर त्या अध्यायात खटकण्याजोगं काही आहे हेही मला कळलं नसतं.

म्हणून तुमच्याकडे माझ्या काही मागण्या आहेत. वचन सांगाल तेव्हा त्याचा अध्याय वाचून दाखवा. कठीण अध्याय वगळून वर्षाचे उपदेश आखू नका. तुम्ही टाळलेलं लोक मोबाइलवर वाचतातच, आणि मग त्यांना ते एकट्यानं सोसावं लागतं. मार्कच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचनं जुन्यांतल्या जुन्या हस्तलिखितांत नाहीत, हे तुम्ही वर्गात शिकलात. ते मंडळीलाही सांगा. लोकांचा विश्वास तुम्हाला वाटतो त्याहून भक्कम असतो. आणि नवऱ्याचा मार खाऊन एखादी बहीण तुमच्या दारी आली, तर पत्नींनी अधीन असावं हे सुटं वचन तिच्या हाती देऊन तिला परत धाडू नका. त्याच अध्यायात त्याच्या आधी एकमेकांच्या अधीन असण्याची आज्ञा आहे, आणि पुढे नवऱ्यानं ख्रिस्तासारखा स्वतःचा जीव द्यावा अशी अपेक्षा आहे. तिला आसरा द्या, तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा. शास्त्राची अधिसत्ता मानणं म्हणजे काय, हे त्या दिवशी तुमच्या मंडळीला कळेल.

कुणी विचारलंच की सबंध बायबल देवाचं वचन मानता का, तर न अडखळता हो म्हणा. आणि त्या ‘हो’ची किंमत मोजा: सबंध वाचा, सबंध शिकवा, आणि कुठल्याही दुबळ्या माणसाला एका वाक्यानं चिरडू देऊ नका. देव तुमच्या सेवेला आशीर्वाद देवो.