अर्धवट खोप्याचं कोडं

पावसाळ्यात अलिबागहून किहीमच्या बाजूला गेलात, तर भातखाचराच्या कडेला, विहिरीवर झुकलेल्या एखाद्या माडावर किंवा शिंदीवर, सुगरणीचे खोपे लोंबताना दिसतील. बरोबर सहासात वर्षांचं मूल असलं, तर ते हमखास विचारील, "यातले काही खोपे अर्धेच का हो?" आपण काय सांगतो? "मोडले असतील कुणी. चल, पाय उचल!" आणि घरी आल्यावर त्याच मुलाला निसर्गरक्षणाचा उपदेश करतो!

याच किहीमला सुगरणीच्या वसाहतीपुढे एक मोठा माणूस दिवसचे दिवस बसून राहिला होता. सालीम अली त्यांचं नाव. १९३० साली जर्मनीहून पक्ष्यांचा अभ्यास करून ते परतले, तेव्हा हाताला नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला येऊन राहिले आणि सुगरणीचा संसार पाहू लागले. त्यांना काय दिसलं? आपण नाव ठेवलं 'सुगरण', पण खोपा विणतो तो नर! हिरव्या पात्यांच्या बारीक पट्ट्या फाडून आणतो आणि चोचीनं गुंफतो. खोपा निम्मा झाला की माद्या पाहणीला येतात. एखादीला पसंत पडला, तरच तो पुरा होतो आणि त्याला खाली लांब नळी येते. मादी अंडी उबवू लागली की हा पठ्ठ्या दुसरा खोपा विणायला घेतो! नापसंत खोपे मात्र तसेच अर्धवट लोंबत राहतात. हे सारं १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं.

पण हा माणूस लहानपणी पक्षिप्रेमी होता असं समजू नका. छऱ्याच्या बंदुकीनं तो चिमण्या मारीत असे. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्याला पिवळा डाग दिसला. त्यानं मामांना, अमीरुद्दीन तय्यबजींना, विचारलं. मामांनाही ती ओळखेना. त्यांनी पोराला गप्प बसवलं नाही, चिठ्ठी देऊन सोसायटीकडे पाठवलं. तिथले मानद चिटणीस मिलर्डसाहेब यांनी चिमणी तर ओळखलीच, शिवाय कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. तिथून त्या मुलाची वाट बदलली.

या गोष्टीत मला मोठे वाटतात ते मामा. त्यांना उत्तर येत नव्हतं. पण प्रश्नाची किंमत कळत होती.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीचा करण्याचा आदेश दिला. ते योग्यच झालं. पण पुस्तकातलं उत्तर गुणांसाठी पाठ होतं. माया जडते ती पाहण्यानं. तेव्हा आईबापांनो, गुरुजींनो, एवढं करा. घराजवळचं एकच झाड निवडा. आठवड्यातून एकदा मुलाला तिथं न्या. खोप्याला हात लावायचा नाही, लांबूनच पाहायचं. आज किती खोपे, किती पुरे, किती अर्धे, ते त्यालाच वहीत लिहू द्या. शोभेसाठी खोपा तोडून आणू नका. आत पिलं असू शकतात. पावसाळा सरल्यावर गळून पडलेला सापडला, तर जरूर उचला आणि त्याची वीण उलगडून पाहा. सुगरणी भाताचे दाणे खातात, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे, तीही मुलाला सांगा. आणि पिलांना त्या किडे भरवतात, तेही सांगा.

उद्या घरासाठी, रस्त्यासाठी ते झाड तोडायची वेळ आली, तर ज्यानं चार पावसाळे त्यावरचे खोपे मोजले आहेत, ते मूल नक्की विचारील, "मग सुगरणी कुठं जातील?" तेव्हा मात्र "चल, पाय उचल" म्हणू नका. थांबा, आणि त्याच्याबरोबर उत्तर शोधा.